परड्यात रात्री कोण येऊन जातं, हे कॅमेऱ्याला कसं कळतं?

संध्याकाळी झाडावर शाबूत असलेली पपई सकाळी अर्धी पोखरलेली असते. हाताशी आलेले चिक्कू गायब असतात. कंपाउंडच्या भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा पडलेली असते. बेळगावात अनगोळ-टिळकवाडीपासून खानापुरात जांबोटी-कणकुंबीपर्यंत, ज्यांच्या घरामागं थोडं तरी परडं उरलंय त्यांना हे ओळखीचं आहे. आळ येतो तो वटवाघळांवर, नाहीतर गल्लीतल्या पोरांवर. भिंतीवरची ती बियांची विष्ठा मात्र बहुधा कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची असते. हा प्राणी कौलारू घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षं मुक्काम करतो आणि खाली राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

खात्री करून घ्यायची तर कोणीतरी रात्रभर जागं राहायला हवं. ते काम आता ट्रेल कॅमेरा करतो. काही जण त्याला ट्रॅप कॅमेरा म्हणतात. विटेएवढी डबी, पट्ट्यानं खांबाला बांधायची, समोरून कोणी गेलं की ती आपोआप फोटो किंवा व्हिडिओ घेते. साधा कॅमेरा पाच-सहा हजारांपासून मिळतो. पण हौसेनं घेतलेल्यांपैकी बरेच जण थोड्याच दिवसांत तो कपाटात टाकतात. कार्ड उघडून बघावं तर शेकडो व्हिडिओ केळीच्या पानांचे, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला ते मुंगूस एकदाही नाही. अशा वेळी कॅमेरा बहुतेक ठीकच असतो. त्याला काय दिसतं हे ठाऊक नसल्यानं तो चुकीच्या जागी बांधलेला असतो. त्यात सोबतची पुस्तिका थंड देशातल्या जंगलासाठी लिहिलेली असते. आपलं एप्रिलचं ऊन आणि जुलैचा पाऊस तिच्या हिशेबात नसतात.

कॅमेरा जागा कशानं होतो?

भिंगाखाली दुधी रंगाची, किंचित फुगीर प्लॅस्टिकची पट्टी असते. सगळी गंमत तिथं आहे. भिंग एरवी झोपलेलं असतं. जागं असतं ते या पट्टीमागचं उष्णतेचं सेन्सर. त्याला पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणतात. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, म्हणजे इन्फ्रारेड, किरण बाहेर टाकत असते. प्राण्यांच्या अंगातून निघणारे हे किरण मुख्यतः ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचे असतात. आपल्याला दिसणारा उजेड ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा, म्हणजे त्याच्या लहरी साधारण वीस पटींनी आखूड.

सेन्सरमध्ये शेजारीशेजारी दोन तुकडे असतात आणि ते एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. तराजूची दोन पारडी समजा. दोन्हीवर सारखीच उष्णता पडत असेल तर काटा मधोमध राहतो. ऊन चढलं, सगळी भिंत हळूहळू तापली, तरी दोन्ही पारड्यांत सारखीच भर पडते आणि काटा हलत नाही. समोरून मुंगूस गेलं की त्याची ऊब आधी एका पारड्यात पडते, मग दुसऱ्या. काटा डुलतो आणि कॅमेरा जागा होतो. दुधी पट्टीवरच्या बारीक रेघा म्हणजे फ्रेनेल भिंग. ते समोरची जागा अनेक पट्ट्यांत वाटून देतं, म्हणजे प्राणी एका पट्टीतून दुसरीत गेला की प्रत्येक वेळी काट्याला धक्का बसतो.

थोडक्यात, सेन्सरला मुंगूस कळत नाही. आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी सरकलं, एवढंच कळतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

केळीच्या पानांचंच घ्या. दुपारच्या उन्हात पान तापतं, मागं गार सावली असते, वारा सुटतो. वेगळ्या तापमानाचं काहीतरी सरकलं! सेन्सरच्या दृष्टीनं ते पान आणि मुंगूस यांत फरक नाही. तेव्हा कॅमेऱ्यासमोरचं गवत कापायचं, लोंबणाऱ्या फांद्या बांधून ठेवायच्या आणि कॅमेरा डुलणाऱ्या झाडाला न बांधता भिंतीला, दगडी खांबाला किंवा जाड बुंध्याला बांधायचा. शेवग्याला तर अजिबात नको, तो नुसत्या झुळकीनंही हलतो.

उन्हाळ्यातली अडचण उलटी. एप्रिलमध्ये दुपारी हवा छत्तीसच्या आसपास जाते, तापलेली जमीन आणि भिंत त्याहून गरम असते. मुंगसाच्या अंगाचं तापमान अडतीसच्या आसपास. फरकच उरला नाही तर काटा हलणार कशानं? मुंगूस ऐटीत समोरून निघून जातं आणि कार्ड कोरं राहतं. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी असल्यानं ही अडचण नेमकी त्याच्याच वाट्याला येते. उपाय दोन. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता उन्हाळ्यात वाढवायची, थंडीत कमी करायची. आणि उन्हाळ्यात त्याचं तोंड दिवसभर सावलीत राहणाऱ्या ओलसर जागेकडं करायचं. न्हाणीघराच्या मागं सांडपाणी जातं ती जागा, विहिरीचा काठ, आळूचा वाफा. तिथली जमीन गार असते, म्हणून फरक टिकतो. शिवाय उन्हाळ्यात सगळे प्राणी तिथंच येतात.

पावसात आणखी निराळं. भिजलेल्या केसांचा वरचा थर हवेइतकाच गार होतो आणि आतली ऊब बाहेर पोचत नाही. पक्ष्यांचं रक्त आपल्यापेक्षा गरम, चाळीसच्या वर. पण पिसांचं पांघरूण इतकं चांगलं, की लहान पक्षी जवळ आला नाही तर सेन्सरला लागतच नाही. साप, बेडूक, सरडे यांचं अंग भोवतालाइतकंच गरम किंवा गार असतं, त्यामुळं या कॅमेऱ्यात साप सापडला तर तो योगायोग. धामण रोज येते अशी शंका असेल तर सेन्सरवर न विसंबता टाइमलॅप्स लावा, म्हणजे कॅमेरा ठरावीक सेकंदांनी स्वतःहून फोटो घेत राहतो. आणि थंडी? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री चांगल्याच गारठतात, फरक मोठा असतो. नवीन कॅमेरा घेतलेल्यानं सुरुवात तेव्हाच करावी असं माझं मत आहे. मे महिन्यात सुरुवात करणारा हमखास कंटाळतो.

प्राण्याची वाट कॅमेऱ्याला आडवी जायला हवी, हेही त्या दोन पारड्यांमुळंच. सरळ अंगावर चालत येणारा प्राणी बराच वेळ एकाच पट्टीत राहतो आणि कॅमेरा जागा होईस्तोवर नाकाशी येऊन ठेपतो. म्हणून कुंपणाच्या भोकासमोर कॅमेरा लावण्यापेक्षा भोकातून निघणारी वाट बाजूनं दिसेल असा लावा. उंची गुडघ्याएवढी किंवा थोडी कमी, अंतर तीन ते चार मीटर. छातीएवढ्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्याच्या खालून घूस आणि मुंगूस आरामात जातात. फार जवळ बांधला तर चित्र धूसर येतं, कारण या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरवलेला असतो आणि दीड-दोन मीटरच्या आतलं त्यांना स्पष्ट दिसत नाही.

खिडकीच्या काचेमागून ट्रेल कॅमेरा लावायची कल्पना पुष्कळांना सुचते. पाऊस लागत नाही, चोरीची भीती नाही. पण आपल्याला आरपार दिसणारी काच त्या ८ ते १४ मायक्रोमीटरच्या लहरींना भिंतीसारखी अडवते. आतला सेन्सर आंधळा होतो.

दोन इन्फ्रारेड

इथं एक गोंधळ होतो. दुकानदार ‘इन्फ्रारेड कॅमेरा’ म्हणतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत असतो. प्राण्याच्या अंगातली ऊब ओळखणारं इन्फ्रारेड वर सांगितलं. दुसरं इन्फ्रारेड कॅमेरा स्वतः टाकतो: रात्री चित्र दिसावं म्हणून पेटणारे छोटे एलईडी दिवे. त्यांची लहर ०.८५ किंवा ०.९४ मायक्रोमीटरची, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या अगदी शेजारची. बाजारात ते ८५० आणि ९४० नॅनोमीटर म्हणून ओळखले जातात. प्राण्याच्या अंगावरून परत आलेला हा उजेड कॅमेऱ्याला दिसतो, आपल्याला दिसत नाही. त्यात रंगाची माहिती नसते, म्हणून रात्रीचं चित्र काळंपांढरं.

८५० चे दिवे लांबवर पोचतात, पण पेटले की अंधारात मंद लाल ठिपके दिसतात. ९४० चे दिवे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी. परड्याला लांबचा पल्ला लागतच नाही, तेव्हा ९४० पुरे. शिवाय ते लाल ठिपके माणसांनाही दिसतात. आमच्या शेजारच्या आजी एका रात्री मागच्या दारात आल्या आणि कुंपणावरून त्यांनी हाक मारली, “काय रे, भूत धरायला लावलास काय ते तांबडं?” कांडेचोराचं नाव सांगितल्यावर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. त्यांच्या माहेरी, नंदगडकडं, ते माळ्यावरच असायचं म्हणे.

दिवे चालू आहेत का हे तपासायचं असेल तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरा. टीव्हीच्या रिमोटचा दिवा असाच दिसतो, तसे हेही पांढुरके चमकताना दिसतील. अंधार पडल्यावर कॅमेऱ्यातून बारीक ‘टिक’ असा आवाजही येतो. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून भिंगामागं इन्फ्रारेड अडवणारी काच असते. रात्री ती बाजूला सरकते, त्याचा तो आवाज. काही प्राणी त्यानं थबकून बघतात.

रात्रीच्या व्हिडिओत डोळे दिव्यासारखे चमकतात. मांजर, कांडेचोर, कुत्रा, कोल्हा यांच्या डोळ्याच्या पडद्यामागं उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळं थोडाही उजेड त्यांना दोनदा वापरता येतो. माणसाच्या आणि माकडाच्या डोळ्यांत तो नाही. लांबच्या अंधारात दोन ठिपके चमकले, तर फणसाखाली उभा असलेला चोर दोन पायांचा नाही एवढं तरी कळतं.

ओळख मात्र शेपटीवरून पटवावी. काळ्यापांढऱ्या चित्रात अंगाचा रंग फसवतो. शेपूट लांब, एकसारखी गडद आणि तोंडावर काळसर मुखवटा असेल तर कांडेचोर. शेपटीवर ठळक वलयं आणि अंगावर ओळीनं ठिपके असतील तर जवादी मांजर. ते झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त हिंडतं. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाशी काळी वलयं असली तर रानमांजर. शेताला लागून घर असेल तर तेही येतं. मुंगसातही प्रकार आहेत. नेहमीचं राखी मुंगूस, आणि खानापूरच्या रानाकडं दिसणारं तांबूस मुंगूस. तांबूस मुंगसाच्या शेपटीचं टोक काळं असतं आणि चालताना ते वर वळलेलं असतं. घूस मोठी असली की तिला मुंगसाचं पिल्लू समजण्याची चूक सर्रास होते. शेपटीला केस नाहीत म्हणजे ती घूसच.

कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर तीस-चाळीस मेगापिक्सेल लिहिलेलं असतं. आतलं चित्र घेणारं सेन्सर पुष्कळदा चार-पाच मेगापिक्सेलचंच असतं आणि बाकीचे ठिपके कॅमेरा अंदाजानं भरतो. त्यापेक्षा प्राणी समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो हे विचारा. अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर असेल तर मुंगूस सापडेल. एक सेकंदाच्या वर गेला तर शेपूट सापडेल. बॅटऱ्या साध्या पेन्सिल सेलच्या असतात, रात्रीचे व्हिडिओ त्या भराभर खातात. व्हिडिओ दहा-पंधरा सेकंदांचा पुरतो.

उत्तर दिशा आणि आपला सूर्य

पुस्तिकेत हमखास लिहिलेलं असतं: कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा, म्हणजे सूर्य भिंगात येणार नाही. युरोप-अमेरिकेत हे बहुतांशी खरं आहे, कारण तिथं दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेच्या अंगाला असतो. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. आपल्याकडं मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो. या काळात तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या जरा उत्तरेला. त्यातला बराच काळ ढगांत जातो, म्हणून फार बिघडत नाही. पण मे महिन्यात उत्तरमुखी कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरलं तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. थोडा खाली झुकवा, एवढंच पुरे.

पाऊस हा खरा शत्रू. खानापूरच्या बाजूला, कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतली ओल इतकी असते की पाणी आत न जाताही भिंगाच्या आतून वाफ धरते आणि बुरशी चढते. कॅमेऱ्याच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि ती अधूनमधून बदलायची. वर पत्र्याचा नाहीतर कौलाचा तुकडा छपरासारखा लावला तर थेंब भिंगावर येत नाहीत. मुंग्यांना ही उबदार डबी फार आवडते, बॅटऱ्यांच्या खणात त्या अंडी घालतात. कोळी भिंगासमोर जाळं विणतो आणि रात्रीच्या दिव्यांत ते जाळं पांढरंफटक चमकतं. दर आठवड्याला कपडा फिरवला तर हे टळतं. कॅमेरा वापरात नसेल तेव्हा बॅटऱ्या काढून ठेवा, फुटून आतलं पाणी बाहेर आलं की डबी कामातून जाते.

दिवसाचे पाहुणे

पक्ष्यांसाठी ट्रेल कॅमेरा फारसा कामाचा नाही, कारण वर आलंच आहे. त्यांच्यासाठी मोबाईल बरा. पाण्याचं एक पसरट भांडं ठेवलं की निम्मं काम होतं. खानापूरच्या कुंभारकामाची मातीची परात मिळाली तर उत्तम, खडबडीत काठावर पक्ष्यांचे पाय टिकतात. पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. खोल बादलीत बुलबुल उतरत नाही, पिल्लू पडलं तर बुडतं. पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून भांडं घासायचं, कारण डेंग्यूच्या डासाचं अंडं ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो.

भांड्यापासून हाताच्या अंतरावर मोबाईल विटांच्या आधारानं ठेवा, फोकस दगडावर बोटानं दाबून पक्का करा, व्हिडिओ चालू करून घरात जा. माणूस नाहीसा झाला की पाच-दहा मिनिटांत सातभाई येतात, त्यांच्या गोंगाटानं बाकीच्यांना कळतं. मग बुलबुल, दयाळ, शिंपी. थंडीत स्वर्गीय नर्तक, मेच्या अखेरीस नवरंग. संध्याकाळी तिथंच पिंगळा. जास्वंदीवर येणाऱ्या सूर्यपक्ष्याचे पंख दिसायला हवे असतील तर स्लो मोशन लावा, पण भर उजेडात. सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं घ्यायची म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळायचा वेळ फार थोडा असतो. सावलीत ते काळपट आणि दाणेदार येतं.

घरावर सीसीटीव्ही असेल तर तोही बघा. त्याची पद्धत निराळी: बहुतेक सीसीटीव्ही उष्णता न बघता आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांतला फरक बघतात. म्हणून पावसाचे थेंब, पाकोळ्या, गाडीच्या दिव्यांची सावली यांनीही ते चाळवतात. पण याच कारणानं ट्रेल कॅमेऱ्याला न दिसणारा साप सीसीटीव्हीला दिसू शकतो.

उडणारी वटवाघळं दोघांनाही नीट सापडत नाहीत. याचं वाईट वाटतं, कारण आपला भाग वटवाघळांसाठी जगात ओळखला जातो. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ ही दुर्मिळ जात पिल्लं घालते, आणि अशा वसाहतीसाठी ही गुहा प्रसिद्ध आहे. परड्यातल्या पेरूवर येणारी मात्र बहुधा साधी, फळं खाणारी वटवाघळं, त्यांच्यासाठी अंगणात खुर्ची टाकून बसणं हाच मार्ग.

वीस व्हिडिओ म्हणजे वीस मुंगसं?

आठवड्यात कार्डावर कांडेचोर वीस वेळा दिसलं, तर परड्यात किती कांडेचोर आहेत? एकही असू शकेल, चारही असू शकतील. कॅमेरा भेटी मोजतो, प्राणी मोजत नाही. त्यांच्या अंगावर वेगळं ओळखू येईल असं फारसं काही नसतं. कान फाटलेला, शेपूट तुटलेली असेल तर नशीब.

वाघ-बिबट्यांचं तसं नाही. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे निराळे. १९२० च्या दशकात उत्तर भारतात वन अधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार बांधून, वाघाचा पाय लागला की फ्लॅश पेटेल अशा रीतीनं फोटो काढले होते. पुढं १९९० च्या दशकात कर्नाटकातच, नागरहोळेत, के. उल्लास कारंथ यांनी कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून वाघांची संख्या काढण्याची पद्धत रुजवली. तिच्यातलं गणित समजायला सोपं आहे. समजा पहिल्या फेरीत १० बिबटे ओळखले. दुसऱ्या फेरीत ८ दिसले आणि त्यांतले ४ आधी ओळखलेले निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतले निम्मे ओळखीचे. मग आपण ओळखलेले १० हेही एकूण संख्येच्या निम्मे असावेत, एकूण अंदाजे २०. प्रत्यक्षातली गणितं याहून पुष्कळ किचकट असतात, पण पाया हाच. प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरची नक्षी सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावात जाधवनगर आणि गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, पिंजरे आणि ट्रॅप कॅमेरे लागले, शिमोग्याजवळच्या सकरेबैलच्या छावणीतून हत्ती आणले गेले. अशा दिवसांत मोबाईलवर एकाच बिबट्याचे, कधी भलत्याच गावातले व्हिडिओ फिरतात आणि बिबट्यांची संख्या घरबसल्या वाढत जाते. ठिपके जुळवून बघेपर्यंत ‘दोन आहेत, तीन आहेत’ याला काही अर्थ नसतो.

काय करू नये

बिबट्या कॅमेऱ्यात आला तर आधी वनखात्याला कळवावं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपला नंतर. चांगलं चित्र मिळावं म्हणून मासळीचे तुकडे, कोंबडीची आतडी टाकणारे असतात. त्यानं आधी कुत्री जमतात, आणि कुत्री जमली की बिबट्याला मेजवानी मिळते. माकडांना एकदा खायला घातलं की ती पुढं कौलं काढून आत येतात, हे खानापूर तालुक्यात कोणालाही सांगावं लागत नाही. पाणी ठेवा, फळझाडं लावा, एवढं पुरतं.

शिंप्याचं घरटं नीट दिसावं म्हणून पान बाजूला केलं की कावळ्यालाही ते नीट दिसतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं धरलेलं आहे, हे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. स्वतःच्या परड्यात कॅमेरा लावायला कोणी अडवत नाही. कुंपणापलीकडं राखीव जंगल किंवा अभयारण्य सुरू होत असेल तर तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय तो बांधता येत नाही. शेजाऱ्यांचं दार, न्हाणीघर, विहीर चित्रात येत नाही ना, हे बांधतानाच बघून घ्या. एकदा भांडण झालं की कॅमेरा काढावाच लागतो. आणि साप दिसला तर व्हिडिओ लांबून. धरायचा असेल तर सर्पमित्राला बोलवा.

मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप जाते. खवल्या मांजरासारखा शिकाऱ्यांना हवा असलेला प्राणी दिसला तर ती नोंद काढल्याशिवाय फोटो कुठंही टाकू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ओळख पटवायला मदत मिळते, तिथं धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘अमुक गावच्या टेकडीमागं’ असं लिहिलं तर झाकायला काही उरत नाही.

पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाव्या. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ जगभर होतो. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसतील आणि ऐकू येतील ते सगळे पक्षी लिहायचे. तेव्हा थंडी ओसरत असते, सावरीला आणि पांगाऱ्याला फुलं येत असतात, झाडावर गर्दी असते. यादीत कावळा, साळुंकी, पारवा हेही घालायचे. नवखे लोक नेमके तेच सोडतात आणि फक्त धनेश लिहितात.